दत्तक घेतलेला देशी कुत्रा घाबरतोय? पलंगाखालून दारापर्यंतचा रस्ता

रस्त्यावरून किंवा निवाऱ्यातून मोठा कुत्रा घरी आणला की पहिल्या आठवड्यात बहुतेक घरांत एकच तक्रार ऐकू येते. पलंगाखाली जाऊन बसलाय, कोणी खोलीत असेल तर खात नाही, हात पुढे केला की भिंतीला चिकटतो. पाठोपाठ निदानही तयार असतं: ‘कोणीतरी खूप मारलं असणार याला.’ मारलं असेलही. पण बऱ्याच कुत्र्यांच्या बाबतीत वाईट काही घडलेलंच नसतं. माणसांशी चांगलं काही घडायला हवं होतं त्या वयात ते घडलं नाही, एवढंच.

पिल्लाच्या आयुष्यात तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ ओळखी करून घेण्याचा असतो. त्या काळात जे दिसतं, वास येतो, ऐकू येतं, ते पुढे ‘आपलं’ वाटतं. १९६१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पिल्लं मोठ्या कुंपणाच्या आवारात माणसांपासून लांब वाढवली आणि काहींना वेगवेगळ्या वयात एकेक आठवडा माणसांचा सहवास दिला. ज्यांना चौदा आठवडे माणूस भेटलाच नाही, ती नंतर खूप प्रयत्न करूनही रानटीच राहिली. बांधकामाच्या साइटमागे किंवा नाल्याकाठी वाढलेलं पिल्लू याच वाटेने जातं. वर गल्लीचे धडे असतात. माणूस खाली वाकला की दगड येतो, काठी उचलली की पळायचं, ‘हाड’ ऐकलं की शेपूट आत. वर्षा-दोन वर्षांचा असा कुत्रा फ्लॅटमध्ये आला की त्याला पळायला जागाही उरत नाही.

पुढचं सगळं अशाच कुत्र्यासाठी आहे. तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू आणलं असेल तर काम बरंच सोपं आहे. आणि या सगळ्याच्या मुळाशी एकच नियम आहे: जवळ यायचं की नाही हे त्याने ठरवायचं. खाऊ, हात, पट्टा, पाहुणे, प्रत्येक ठिकाणी हा नियम लावून पाहा. कुठे गाडं अडलं तर बहुधा तिथे आपण त्याच्या वतीने निर्णय घेतलेला असतो.

आणण्याआधी

घरातली सगळ्यात शांत खोली त्याला द्या. स्वयंपाकघराला लागून असलेली नको, कुकरच्या शिट्टीने भले भले कुत्रे हादरतात. कोपऱ्यात लपायची जागा करा. टेबलावरून खाली सोडलेली जुनी चादर, आडवं ठेवलेलं मोठं खोकं किंवा दार कायम उघडं ठेवलेला क्रेट, काहीही चालेल. शक्य असेल तर पलंगाखालची जागा आधीच बंद करा. तिथे लपण्यात वाईट काही नाही, पण भिंतीला टेकलेल्या पलंगाखालून आजारी कुत्र्याला काढायची वेळ आली तर ओढावंच लागतं, आणि त्या एका ओढण्याने बरंच मागे जायला होतं.

फरशीचा विचार फारसं कोणी करत नाही. मातीवर आणि डांबरावर वाढलेल्या कुत्र्याचे पाय गुळगुळीत टाइल्सवर घसरतात. मग तो कोपरा सोडत नाही आणि आपण म्हणतो, किती घाबरतोय. कोपऱ्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत सतरंजी, गोणपाट किंवा योगा मॅट अंथरा. त्याच दिवशी फरक दिसू शकतो.

पट्ट्याबाबत मात्र जराही ढिलाई नको. घाबरलेला कुत्रा मागे मागे सरकतो, मान खाली घालतो आणि साध्या पट्ट्यातून क्षणात निसटतो. गळ्यात खेचल्यावर मर्यादेत आवळणारा मार्टिंगेल पट्टा आणि अंगात हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा), दोन्ही घाला. दोन्हींना वेगवेगळी दोरी लावा. हार्नेसला बरगड्यांच्या मागून जाणारा तिसरा पट्टा असेल तर फारच उत्तम. फोन नंबर कोरलेला बिल्ला पहिल्या दिवसापासून गळ्यात हवा. असे कुत्रे हरवतात ते बहुतेक करून सुरुवातीच्या दिवसांत, आणि तेही घराच्या दारातून. दूधवाला, कुरिअर, इस्त्रीवाला, आपल्याकडे दार दिवसभर उघडतच असतं. घरात सगळ्यांना सांगून ठेवा: खोलीचं दार बंद आहे हे पाहिल्याशिवाय बाहेरचं दार उघडायचं नाही.

पशुवैद्यांची भेट पहिल्या आठवड्यात उरकाच. रेबीजची आणि इतर लसी, जंताचं औषध हे तर आलंच. शिवाय रक्ततपासणी करून घ्या. गोचिडांमुळे होणारे एर्लिकिया आणि बॅबेसियाचे ताप आपल्याकडे सर्रास आढळतात, आणि आजारी कुत्रा गप्प पडून राहतो तेव्हा ‘किती गुणी आहे’ असं वाटू शकतं. कान, दात, जुनी मोडलेली हाडं यांचं दुखणं असेल तर स्पर्शाची भीती कितीही खाऊ दिला तरी जाणार नाही. डॉक्टर घरी येणार असतील तर थोडे जास्त पैसे मोजून त्यांना घरीच बोलवा.

पहिले दिवस: काहीच करू नका

हे सगळ्यात अवघड. घरातला प्रत्येक जण कौतुकाने बघायला येतो, मुलांना फोटो काढायचे असतात, शेजारच्या काकू बिस्कीट घेऊन दारात उभ्या असतात. या सगळ्यांना आठवडाभर थांबवा. आणि मुख्य म्हणजे आंघोळ घालू नका. वास येतोय, अंगावर धूळ आहे, मान्य. पण बंद बाथरूममध्ये अनोळखी माणसांनी धरून अंगावर पाणी ओतणं ही नव्या घराची पहिली ओळख असेल तर पुढचा महिना त्याची भरपाई करण्यात जातो. गोचिडांवर गोळ्या मिळतात, त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने द्या. आंघोळ महिन्याभराने घातली तरी काही बिघडत नाही.

ठरलेल्या वेळी जेवण ठेवा आणि निघून जा. दिवसातून तीन-चार वेळा त्याच्या खोलीत जाऊन जमिनीवर बसा, त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून. पेपर हळू आवाजात मोठ्याने वाचा, मटार सोला, फोनवर आईशी बोला. तुमचा आवाज, तुमचा वास आणि ‘हा माणूस आला तरी काही होत नाही’ हे त्याला कळायला हवं. डोळ्यांत बघू नका, नावाने सतत हाका मारू नका. वेळापत्रक शक्य तितकं एकसारखं ठेवा. पुढे काय होणार याचा अंदाज येऊ लागला की भीती आपोआप थोडी उतरते.

पहिल्या दिवशी जेवला नाही तर काळजी नको. रात्री घर झोपल्यावर बरेच कुत्रे खातात. दोन दिवस काहीच खाल्लं नाही किंवा पूर्ण दिवस पाणीही प्यायला नाही तर डॉक्टरांना फोन करा. शू-शीचा प्रश्न वेगळा. मातीची सवय असलेला कुत्रा फरशीवर करायला तयार होत नाही आणि भीतीने खूप वेळ धरून ठेवतो. बाल्कनीत किंवा खोलीच्या दुसऱ्या टोकाला पसरट ट्रेमध्ये माती टाकून ठेवा. घरात झाली तर गुपचूप पुसा, ओरडू नका. ओरडलात तर तुमच्यासमोर शू करायची नाही एवढंच तो शिकेल, आणि मग फिरायला नेल्यावरही करणार नाही.

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा प्राणिप्रेमी मंडळींत सांगितला जातो: धक्का ओसरायला तीन दिवस, घर कळायला तीन आठवडे, आपलं वाटायला तीन महिने. सर्वसाधारण कुत्र्याला तो बऱ्यापैकी लागू पडतो. अगदी भित्र्या कुत्र्याला नाही. त्याच्यासाठी वर्षाच्या हिशेबाने चाला.

अंग काय सांगतं

शेपूट आत, कान मागे, अंग थरथरतंय, ही मोठी अक्षरं सगळ्यांना वाचता येतात. बारीक अक्षरं शिका. समोर खायला नसताना ओठांवरून जीभ फिरवणं, झोप आलेली नसताना जांभई, तोंड वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणं आणि त्यात डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसणं, उष्मा नसताना धापा टाकणं, एक पाय उचलून थबकणं. यातलं काही दिसलं की तुम्ही एक पाऊल जास्त पुढे आलात. एक पाऊल मागे जा.

दोन गोष्टी हमखास चुकीच्या वाचल्या जातात. एक म्हणजे गोठून जाणं. कुत्रा अजिबात हालचाल न करता अंगावरून हात फिरवू देतो तेव्हा ‘बघा, आवडतंय त्याला’ असं म्हटलं जातं. अंग दगडासारखं ताठ असेल, तोंड घट्ट मिटलेलं असेल, तर त्याला आवडत नाहीये, सुटकेचा मार्ग दिसत नाहीये. दुसरी गोष्ट गुरगुरणं. गुरगुरल्याबद्दल कधीही रागावू नका. ती सूचना आहे आणि तुमच्या फायद्याची आहे. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, घाबरणं सोडत नाही. पुढच्या वेळी तो थेट चावतो.

इथेच ‘दरारा हवा’ या सल्ल्याचाही निकाल लावू. मालकाने कळपाचा म्होरक्या व्हायचं ही कल्पना स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणावरून रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली लिहिलेल्या निबंधातून रुजली. एकमेकांना अनोळखी असलेली जनावरं एका आवारात कोंडल्यावर भांडतात, यात नवल नाही. पुढे ही कल्पना लोकप्रिय करण्यात ज्यांचा वाटा होता त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच १९९९ साली लिहिलं की जंगलातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. तेव्हा कुत्र्याला उलटा पाडून धरणं, मानेला हिसके देणं, शॉक देणारे पट्टे, हे सांगणारा ट्रेनर भेटला तर त्याची फी वाचवा.

खाऊ फेकण्याची कला

उकडलेलं चिकन (हाडं काढून; मीठ, कांदा-लसूण न घालता), चिकनची कलेजी, पनीर, उकडलेलं अंडं. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका कुत्र्याला विषारी ठरतात, ते कधीच नको. गोड बिस्किटांवर कामाची सुरुवात करू नका. भीतीवर मात करायला वास दणदणीत हवा.

पहिला टप्पा असा: खोलीत जा, त्याच्या दिशेने तुकडा हळूच जमिनीवरून सरकवा, मागे फिरा, बाहेर पडा. हात खांद्याच्या वर नेऊन फेकू नका, दगड असाच येतो. दिवसातून दहा-बारा वेळा हे करा. काही दिवसांत तुमची चाहूल लागली की त्याचे कान पुढे येऊ लागतील. तुम्ही म्हणजे चिकन, हा संबंध डोक्यात बसू लागला.

दुसऱ्या टप्प्यात खोलीत बसून राहा आणि तुकडे टाका, पण त्याच्या आणि तुमच्या मध्ये नाही. त्याच्या मागे टाका. हे उलटं वाटतं. तुकड्यांची रांग लावून कुत्र्याला जवळ ओढणं ही सगळ्यांना सुचणारी युक्ती, पण त्यात भूक त्याला पुढे खेचते आणि भीती मागे. चिकन तोंडात गेल्यावर तो भानावर येतो: माणूस एका हातावर! मग घाबरून उसळी मारतो, किंवा चावतो. तुकडा मागे पडला तर खायला त्याला तुमच्यापासून लांब जावं लागतं, म्हणजे खाऊबरोबर सुटकाही मिळते. मग तो आपणहून वळतो आणि दोन पावलं तुमच्याकडे येतो. ती दोन पावलं त्याची स्वतःची असतात. पुन्हा तुकडा मागे. हा खेळ दोन-तीन मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, आणि तो कंटाळायच्या आत बंद.

घाबरलेल्या कुत्र्याला खाऊ दिला, जवळ बसून धीर दिला तर ‘भीतीला प्रोत्साहन’ मिळतं असं सांगणारे भेटतील. बसणं, भुंकणं, उडी मारणं या कृती बक्षिसाने वाढतात. भीती ही कृती नाही, भावना आहे. मेघगर्जनेच्या वेळी कुत्रा तुमच्या मांडीत शिरला तर खुशाल शिरू द्या.

हात

तो तुमच्या पायांचा, बुटांचा, पाठीचा वास घेऊ लागेल. त्या वेळी हलू नका. हात लावण्याचा मोह आवरा, अजून नाही. पुढे तळहातावरून खाऊ देऊन बघा, हात जमिनीवर उताणा ठेवून. मान लांब करून, मागचे पाय पळायच्या तयारीत ठेवून घेत असेल तर अजून काही दिवस तिथेच थांबा. चारही पाय अंगाखाली आणि पाठ सैल असेल तर पुढे चला.

पहिला स्पर्श छातीला किंवा हनुवटीखाली, खालून. डोक्यावरून हात नेऊ नका, वाकून उभं राहू नका, मिठी तर नकोच. तीन सेकंद खाजवा आणि हात पूर्ण काढून घ्या. आता बघा. नाकाने हात ढोसला, अंग टेकवलं, तर आणखी तीन सेकंद. नुसताच उभा राहिला, तोंड वळवलं, अंग झटकलं, तर आज पुरे. घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्यांना, मुलांनाही हा तीन सेकंदांचा नियम शिकवा. ‘नको’ म्हटल्यावर माणूस खरंच थांबतो हा अनुभव या कुत्र्यांना नवीन असतो आणि माझ्या मते चिकनपेक्षाही जास्त काम तोच करतो. मुलांसाठी आणखी दोन नियम: झोपलेल्या आणि जेवणाऱ्या कुत्र्याजवळ जायचं नाही, आणि तो लपायच्या जागेत असेल तर तिथे डोकावायचंही नाही.

हार्नेसची सवय याच पद्धतीने लावा. हार्नेस जमिनीवर, भोवती खाऊ. मग हार्नेसच्या गळ्यातून हात घालून पलीकडे खाऊ, म्हणजे डोकं तो स्वतः घालेल. बक्कलचा ‘टक’ आवाज वेगळा ऐकवा, प्रत्येक ‘टक’ला एक तुकडा.

मावशी, पाहुणे, वॉचमन

घरकामाला येणाऱ्या मावशी हा या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा बाहेरचा माणूस. त्या रोज येतात आणि त्यांच्या हातात झाडू असतो. गल्लीतल्या कुत्र्याला झाडू म्हणजे काय हे सांगायला नको. पहिले काही आठवडे त्याच्या खोलीचा केर तुम्हीच काढा. मावशींना कुत्र्याची भीती वाटत असेल तर त्यांना गळ घालू नका, त्या असताना दार बंद ठेवा. त्या तयार असतील तर आल्या आल्या, झाडू हातात घेण्याआधी, दारातूनच दोन तुकडे टाकायला सांगा, त्याच्याकडे न बघता. रोज ठरलेल्या वेळी येणारं, कामात असणारं आणि लाड करायला अंगावर न येणारं माणूस भित्र्या कुत्र्याला फार लवकर आवडतं. मालकाच्या आधी मावशींपुढे शेपूट हलवणारे कुत्रे मी पाहिलेत, आणि मालकांची तोंडंही.

पाहुण्यांना आधीच फोनवर सांगा: बघायचं नाही, बोलायचं नाही, हात पुढे करायचा नाही. ‘मला कुत्र्यांची भाषा कळते’ म्हणणारा नातेवाईक सगळ्यात धोकादायक. गणपतीत, वाढदिवसाला, घरात दहा माणसं असताना त्याला ओळख करून द्यायला बाहेर आणू नका, त्याच्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन ठेवा.

जिन्यापासून गल्लीपर्यंत

घरात तो मोकळा झाल्याशिवाय बाहेरची घाई नको. आधी उघड्या दारातून, पट्ट्यासकट, नुसता जिना बघणं. मग एक मजला. लिफ्ट सगळ्यात शेवटी. बंद डबा, हलणारी जमीन आणि अनोळखी माणसं एकत्र. सोसायटीने लिफ्टला मनाई केली असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक दाखवता येतं, पाळीव कुत्र्यांना लिफ्ट वापरू न देणं त्यात बसत नाही. महापालिकेचा परवाना आणि लसीचं कार्ड मात्र आपल्याकडे तयार हवं.

पहाटे पाच-साडेपाचला किंवा रात्री उशिरा निघा. घंटागाडी, शाळेच्या रिक्षा, वॉचमनची काठी, हॉर्न, यातलं एकेक तो सोसेल. पण पाठोपाठ तीन झाली तर चौथ्याला कोसळेल, आणि आपल्याला वाटेल की साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीला घाबरला. असा दिवस गेला तर दुसऱ्या दिवशी बाहेर नेऊच नका. शरीरातला ताण उतरायला तासन्तास, कधी एक-दोन दिवसही लागतात. भीतीची वस्तू लांबून दिसली की लगेच चिकन, गेली की चिकन बंद. ज्या अंतरावर तो खाऊ घेतो ते त्याचं आजचं अंतर. खाऊ घ्यायला नाकारला म्हणजे आपण फार जवळ आलो. अंतर फूट-फूटभराने कमी होतं, आणि एखाद्या आठवड्यात वाढतंही.

गल्लीतल्या इतर कुत्र्यांच्या टोळीपासून सांभाळा. पण शेजारी एखादा शांत, माणसाळलेला कुत्रा असेल तर त्याच्याबरोबर फिरवा. भित्रा कुत्रा दुसऱ्या कुत्र्याकडे बघून माणसांबद्दल जे शिकतो ते आपण महिनोन्‌महिने शिकवत बसतो.

दिवाळी, औषधं आणि चावणं

फटाक्यांची तयारी दसऱ्याच्या आधी सुरू करा. फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी ऐकू येईल न येईल इतक्या आवाजात लावून जेवण द्या, आणि दिवसागणिक आवाज किंचित वाढवा. त्या आठवड्यात फिरणं उजेडात उरका, खिडक्या बंद, पंखा आणि टीव्ही चालू. दारं दोनदा तपासा. फार घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी डॉक्टर ट्रॅझोडोन किंवा गॅबापेन्टिनसारखं औषध देऊ शकतात. त्याचा एक डोस आधी, शांत दिवशी, देऊन बघायचा असतो. नुसतं एसप्रोमॅझिन हे गुंगीचं औषध दिलं जात असेल तर प्रश्न विचारा: त्याने अंग ढिलं पडतं, आतली भीती तशीच राहू शकते. माणसांच्या गोळ्या अंदाजाने कधीच देऊ नका.

दोन-तीन महिने नीट काम करूनही तो लपायची जागा सोडत नसेल, रोज थरथरत असेल, तर रोज घ्यायच्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला. आपल्याकडे लोक याला फार बिचकतात. इतक्या भीतीत असलेला मेंदू शिकूच शकत नाही. औषधाने तो शिकण्याच्या अवस्थेत येतो, बाकी काम चिकनचंच.

चावला, नुसता दात लागला, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा. कुत्र्याला लस दिलेली असली तरी. रेबीजबाबत अंदाज बांधायचे नसतात. कुत्र्याला शिक्षा करून उपयोग नाही. तो त्या क्षणी कुठे अडकला होता, कोणती सूचना आपण चुकवली, ते लिहून ठेवा आणि तो प्रसंग पुन्हा येणार नाही अशी व्यवस्था करा.

शेवटची एक गोष्ट, जी मे महिन्याच्या आदल्या दिवशी आठवते: गावाला जाताना याला कुठे ठेवायचं? अनोळखी बोर्डिंग या कुत्र्यासाठी नाही, निदान पहिली दोन वर्षं तरी. जो कोणी तुमच्या घरी येऊन त्याला सांभाळणार असेल, भाऊ, मैत्रीण, वरच्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा, त्याचं येणं-जाणं दोन महिने आधी सुरू करा. आधी नुसतं बसणं, मग खाऊ टाकणं, मग हार्नेस, मग एकट्याने जिना. तुम्ही नसताना एक रात्र राहून बघू द्या. ते सुरळीत गेलं की तिकिटं काढा.